मेनन सर, त्या तीस गुणांसाठी आभार

आदरणीय माधव मेनन सर,

तुमचं नाव निघालं की लोक तुम्ही उभारलेल्या बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलबद्दल बोलतात. साहजिकच आहे. त्यासाठीचा १९८६ चा कर्नाटकचा कायदा, १९८८ ची पहिली तुकडी, तिथलं १९९८ पर्यंतचं संचालकपद, मग कोलकात्याचं विधी विद्यापीठ आणि भोपाळची न्यायिक अकादमी. आम्ही महाराष्ट्रातल्या साध्या, संलग्न विधी महाविद्यालयांत शिकवणारी माणसं. आमच्या आभाराचं कारण वेगळं आहे: गुण नेमके कशाचे द्यायचे, हा प्रश्न तुम्ही धसाला लावलात.

एरवी गाइड आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढ्या भांडवलावर एलएलबी होता यायचं. तुम्ही लॉ स्कूलमध्ये वर्षाचे तीन भाग केलेत आणि विषयागणिक प्रकल्प व त्यावर तोंडी परीक्षा आणलीत. तळटीपेतला निकाल उघडून परिच्छेद दाखवायला सांगितलं की हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, भागवणारा तिथेच अडकतो. पुष्कळदा त्याने उद्धृत केलेलं वाक्य न्यायालयाचं नसतंच, हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद असतो!

दिल्लीत शिकवत असल्यापासून तुम्ही प्रत्यक्ष कामातून कायदा शिकवण्याचा आग्रह धरलात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तो गुणांत उतरलेला दिसतो. मूटला, म्हणजे अभिरूप खटल्यातल्या युक्तिवादाला, ३०, एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहण्याला ३०, पक्षकाराची मुलाखत व दाव्याची तयारी यांना ३०, तोंडीला १०.

यातले खटले पाहण्याचे तीस गुण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात. सीनियरचं जर्नल, म्हणजे पाहिलेल्या खटल्यांची नोंदवही, उतरवून काढण्याची खोड जुनी आहे, पण ती पकडणं सोपं. जर्नलमध्ये उलटतपासणी रंगवलेली असते आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर त्याच केस नंबरपुढे दिसतं की त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. म्हणून केस नंबर, कोर्ट, पुढची तारीख आणि तारीख का पडली, हे रकाने आधी भरून घ्यावेत. समन्स बजावलं गेलं नाही, साक्षीदार आला नाही, आरोपीला तुरुंगातून आणलं नाही: खटला का रेंगाळतो हे विद्यार्थ्याला त्या शेवटच्या रकान्यातून कळतं.

मुलाखतीचंही तसंच. पक्षकाराला आधी त्याच्या शब्दांत बोलू द्यायचं, मग तारखांचा तक्ता करायचा, मग सातबारा, फेरफार, नोटीस असे कागद मागायचे. नवखा विद्यार्थी पाच मिनिटांत कलम सांगून मोकळा होतो, आणि दाव्याची मुदत कधीच संपली आहे हे तक्ता मांडल्यावर उघड होतं.

एक गाठ मात्र तुमच्याही हयातीत सुटली नाही. विद्यार्थ्याकडे वकिलीची सनद नसते आणि पूर्णवेळ पगारी अध्यापकाला वकिली करता येत नाही. महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात अर्ज तयार होतो, तो घेऊन उभा राहणारा वकील बाहेरून आणावा लागतो. त्याला सवड नसली की फाइल पडून राहते. तुमच्या लॉ स्कूलमधली पुष्कळ मुलं कॉर्पोरेट फर्मकडे वळली आणि तालुका कोर्टात फारशी दिसली नाहीत, ही टीकाही खरीच.

महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट धरली, तीही तुम्हीच घालून दिलेली. पण तालुक्याहून एसटीने येणाऱ्या, बारावीनंतरच्या बीएसएल या विधी अभ्यासक्रमाच्या मुलीला कोर्टाची पायरी वकील होण्याआधी चढावी लागते, याबद्दल तुमचे आभार जास्त. तोंडीच्या दहापैकी सरसकट नऊ देण्याची पद्धत अजून जागोजागी आहे. ती तुम्ही मुळीच चालवून घेतली नसती.

आपले,
महाराष्ट्रातले काही विधी अध्यापक