ताई, तुम्ही मागे लागलात म्हणून

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय: तुम्ही मागे लागलात म्हणून माझा लेक कोटिलियनला, म्हणजे नाच नि शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गाला, गेला.

सहावीतल्या पोरांना टाय नि हातमोजे चढवून वॉल्ट्झ शिकवायचा, ही इथल्या, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बड्या घरांची हौस. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला नोकरीसाठी आलेल्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध, असं मला वाटायचं. एके काळी कोटिलियनमध्ये फक्त गोऱ्यांनाच प्रवेश असे, काळ्या कुटुंबांनी आपले कोटिलियन वेगळे भरवले, हेही तुम्हीच सांगितलंत. वर म्हणालात, "आता दार उघडं आहे, तर पोराला आत जाऊन बघू दे."

मग तुम्ही त्याला रविवारी घरी बोलावून सुरी-काट्याने थालीपीठ खायला लावलंत! दोन्ही हातांची पहिली बोटं अंगठ्याला टेकवायची. डाव्या हाताचा 'बी' होतो, म्हणजे ब्रेडची बशी डावीकडे, उजव्याचा 'डी', म्हणजे पाण्याचा ग्लास उजवीकडे. टेबलाखाली हात लपवून तो अजून तसं करून बघतो. नाशिकहून व्हिडिओ कॉलवर सासूबाई कळवळल्या, "डाव्या हाताने जेवतोय की काय!" तेव्हा तुम्ही शांतपणे अमेरिकन पद्धत समजावलीत: तुकडा कापायचा, सुरी ताटलीच्या कडेला ठेवायची, काटा उजव्या हातात घ्यायचा, मग घास. युरोपियन पद्धतीत काटा डावीकडेच राहतो, हे मात्र तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. बरं केलंत.

नाचाची मला खरी धास्ती होती. आमचं ध्यान मुलींशी बोलताना बुटांकडे बघतं. पण तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. ठरावीक वेळाने जोडीदार बदलतात, नाचायला विचारलं की नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे कुणी भिंतीला टेकून उरत नाही. बॉक्स स्टेप जमली, फॉक्सट्रॉट जेमतेम. शॅग हा इथला नाच मात्र त्याला मनापासून आवडला. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने शॅगला राज्याचं अधिकृत लोकप्रिय नृत्य ठरवलंय, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. खुर्ची मुलानेच ओढायची नि मुलीने वाट बघायची, हे मला अजून पटलेलं नाही. त्यावरून आपलं भांडण चालूच राहील.

पण खरे आभार त्या पत्राचे. आभाराच्या चिठ्ठीत नुसतं 'थँक यू' चालत नाही, भेट काय मिळाली आणि तिचं काय करणार ते लिहायचं, हा वर्गातला नियम. तुम्ही त्याला शेजारी बसवून ते मराठीत लिहून घेतलंत. 'आजी, तू दिलेल्या पैशांचे मी फुटबॉलचे बूट घेणार आहे. उरलेले आई ठेवणार म्हणते, पण मी देणार नाही.' ऱ्हस्व-दीर्घाचा पार बट्ट्याबोळ होता. सासूबाईंनी ते सोसायटीत घरोघरी वाचून दाखवलं. फोनवर 'बरा आहे' यापलीकडे न जाणारा नातू त्यांच्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला होता.

तुमच्या लेकाचा नेव्ही ब्लू ब्लेझर ड्रायक्लीन करून ठेवलाय, शनिवारी आणून देते. बाही आता याला आखूड होते, तेव्हा पुढचं गिऱ्हाईक शोधा. आणि धाकटीच्या मापाचे पांढरे हातमोजे कुणाकडे असतील तर सांगून ठेवा. तिला आत्तापासूनच घाई झालीय, आणि नाचायला मीच विचारणार म्हणते.

तुमची,
शेजारीण