मेडिकलवाल्या ताईंस, मालवण

ताई,

तुमच्या दुकानात कायम माणसं उभी, तिथे एवढं बोलणं होत नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा चेहरा तुम्ही पाहिलायत. नाक, गाल, हनुवटी कायम तांबूस, त्यावर बारीक पुटकुळ्या. दुपारी खानावळीत गर्दी झाली आणि शेगडीपुढून हलता आलं नाही, की गाल पेटल्यासारखे व्हायचे. सावळ्या रंगावर लाली चटकन कळत नाही, बघणाऱ्याला वाटायचं उन्हाने रापलीय. आग मात्र मला कळायची. कोणी लिंबू चोळायला सांगायचं, कोणी हळद-बेसन. मग पार्लरमधून एक ट्यूब मिळाली. लावली की चेहरा गुळगुळीत, थांबवली की दुप्पट आग. ती संपली म्हणून मी तुमच्याकडे आले होते.

तुम्ही रिकामं खोकं उजेडात धरलंत. कडेच्या लाल रेघेवर नख ठेवून एकेक नाव वाचलंत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ‘ह्यातला शेवटचा स्टिरॉइड. चिठ्ठीशिवाय ह्या मी तुका देवचंय नाय.’ 2018 मध्ये सरकारने असली बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तरी ती सर्रास मिळतात. तुम्हीही विकली असतीत तर कोण विचारायला येणार होतं? उलट कुडाळच्या स्किनच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिलात आणि खोकं सोबत न्यायला सांगितलंत.

त्या खोक्यामुळेच डॉक्टरांना अर्धी गोष्ट कळली. दुखणं रोझेशियाचं. मुरमांसारखं दिसतं, पण यात ब्लॅकहेड नसतात, आणि ऊन, उष्णता, गरम चहा, तिखट यांनी भडकतं. स्टिरॉइडने ते वरून दबतं, आतून वाढतं. मेट्रोनिडाझोलचं जेल, साधं सौम्य फेसवॉश, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एवढंच दिलं. लिंबू, स्क्रब सगळं बंद.

ट्यूब सुटल्यावरचे पहिले आठवडे फार वाईट गेले. चेहरा सुजला, गिऱ्हाइकांना वाढायला बाहेर यायला नको वाटायचं. तेव्हा तुम्ही दुकान बंद करून जाताना खानावळीच्या मागल्या दारी थांबायचात, गाल निरखायचात आणि ‘गेल्या खेपेपेक्षा कमी आसा’ म्हणायचात. त्या शब्दांवर मी ते दिवस काढले, ताई. घरच्यांनाही तेवढं बारीक बघणं जमलं नव्हतं.

हे दुखणं मुळासकट जात नाही, ताब्यात राहतं. माझं आता ताब्यात आहे. शेगडीजवळ पंखा लावलाय, चहा कोमट करून पिते, मे महिन्याच्या उन्हात टोपीशिवाय बाजारात जात नाही.

माझी भाची पुढच्या आठवड्यात मुंबईहून येतेय. तिच्या पर्समध्ये तसलीच ट्यूब आहे आणि माझं ती ऐकत नाही. तिला घेऊन दुकानात येते. तुम्ही खोकं वाचून दाखवा.

तुमची,
खानावळवाली