गॅस व्हॉल्व्हवरच्या खुणा उलट्या आहेत

वाळपई, सत्तरी, गोवा
14 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 12 बोअर सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीतील दोष आणि तुमच्या माणसाने फोनवर दिलेला सल्ला

महोदय,

जूनमध्ये गोव्यातल्या तुमच्या विक्रेत्याकडून मी ही बंदूक घेतली. घरात वडिलांची ठासणीची बंदूक होती. एक बार काढून ती पुन्हा भरेपर्यंत डुकरे अर्धा वाफा लोळवून जात. म्हणून शेतीरक्षणाच्या परवान्यावर ही घेतली. लागोपाठ दोन-तीन बार झाले की जनावर रानात वळते. मला तेवढेच हवे होते.

या बंदुकीत बाराचा थोडा गॅस नळीतल्या भोकातून पिस्टनवर जातो, पिस्टन बोल्टला मागे ढकलतो, आणि बोल्ट रिकामे काडतूस फेकून पुढचे भरतो; किती गॅस जाऊ द्यायचा ते गॅस व्हॉल्व्ह ठरवतो. तुमच्या पुस्तिकेत लिहिले आहे: 24 ग्रॅम छऱ्याच्या हलक्या काडतुसाला गॅस व्हॉल्व्ह ‘1’ वर ठेवा, 36 ग्रॅमच्या जड काडतुसाला ‘2’ वर. मी तसेच केले. ‘1’ वर 24 ग्रॅमची 25 काडतुसे उडवली, त्यांत 11 वेळा बंदूक अडकली. बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामे काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभे राहते, पुढचे वर येत नाही. ‘2’ वर जड काडतुसे चालली, पण दणका असा की खांदा काळानिळा. रिकामी काडतुसे पलीकडच्या मेरेवर जाऊन पडत, आणि दोन पेट्यांत बोल्टमागचा धक्का सोसणारा बफर फुटला.

तुम्हाला तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितले, तेल जास्त झाले असेल, पिस्टन पुसा. पुसला, पावसाळ्यात मी तो तसाही दर आठवड्याला पुसतो, नाहीतर आमच्याकडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. दुसऱ्यांदा सांगितले, मग जड काडतुसेच वापरा. तिसऱ्यांदा तर कमाल झाली: “नळीतले गॅसचे भोक अर्धा मिलिमीटर मोठे करून घ्या, कुठलाही लेथवाला करून देईल.” लेथवाला! परवान्याच्या बंदुकीला? बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तकारानेच करायची असते, हे बंदूक विकणाऱ्याला मी शिकवायचे? हा सल्ला लेखी द्या म्हटले, तर फोन ठेवला.

मग एका दुपारी व्हॉल्व्ह काढून धुतला आणि दोन्ही भोकांत माडाच्या हिराची काडी घालून पाहिली. ‘2’ च्या भोकात ती सहज गेली, ‘1’ च्या भोकात शिरेना. म्हणजे ‘1’ चे भोक लहान. हलक्या काडतुसाचा गॅस मुळात कमी, त्याला मोठी वाट हवी, तेव्हाच पिस्टन बोल्टला शेवटपर्यंत ढकलतो. जड काडतुसाला लहान वाट पुरते. तुमच्या कारखान्यात आकडे उलटे कोरले गेले आहेत. उलटे लावून पाहिले: ‘2’ वर 24 ग्रॅमची 25 काडतुसे, एकही अडकले नाही. ‘1’ वर जड काडतुसे, दणका निम्म्याने कमी. लेथवाल्याकडे गेलो असतो तर चांगल्या नळीचे वाटोळे झाले असते, आणि तुम्ही म्हणाला असता, ग्राहकाने छेडछाड केली.

बंदूक कारखान्यात आणा, असे तुमचे म्हणणे आहे. माझ्या परवान्याची हद्द गोवा राज्यापुरती आहे, ती ओलांडून मी बंदूक नेणार नाही. तेव्हा बरोबर खुणांचा व्हॉल्व्ह आणि नवा बफर गोव्यातल्या विक्रेत्याकडे पाठवा, तिथेच तुमच्या दुरुस्तकाराकडून बसवून द्या आणि उलट्या व्हॉल्व्हने बोल्टला तडा गेला आहे का ते तपासून लेखी कळवा. याच खेपेच्या इतर ग्राहकांनाही कळवा. जड काडतुसे मोठ्या भोकावर उडवणारा मी एकटा नसेन.

भात दाण्यावर आले आहे, डुकरे रोज उतरतात. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, फुटलेल्या बफरचा फोटो, हिराच्या काडीसह व्हॉल्व्हचे दोन फोटो