पेटीमास्तरांना आमच्या मंडळीचा सलाम

आदरणीय मास्तर,

सप्रेम सलाम.

नाताळच्या भजनांसाठी आपण आमच्या मंडळीला जे शिकवलेत, त्याबद्दल नुसते तोंडी आभार मानून भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र. पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर जिथे पेटी शिकवली, त्या बेळगावात पेटीवाल्यांची वाण नाही. परंतु गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मास्तरांनी चर्चमध्ये बसून ख्रिस्ती अभंग बसवून द्यावेत, हे आमच्या काही ज्येष्ठांना आणि, ऐकतो ते खरे असेल तर, आपल्याही काही सोबत्यांना आधी रुचले नव्हते.

वास्तविक फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. उलट ज्या पेटीवाचून आपल्या भजनाचे पान हलत नाही, ती मूळची युरोपातली. एवढे असूनही टाळ वाजले की देवळात बसल्यासारखे वाटते, ही तक्रार आमच्याकडे अधूनमधून होतेच.

आपण त्यावर वाद घातला नाहीत. टिळकांचे अभंग आम्ही इंग्रजी गीतांच्या चालीने, प्रत्येक अक्षराला सारखेच वजन देत म्हणत होतो आणि पेटी प्रत्येक अक्षरामागे धावत होती. आपण भात्यावर हात ठेवून ती थांबवलीत, नुसत्या टाळांवर भजनी ठेका धरायला लावलात आणि ओळ मध्येच तोडून श्वास घेणाऱ्यांना विचारलेत, “इथे तुम्ही प्रभूला हाक मारता आहात की त्याच्यापाशी रडता आहात? ते ठरवा, मग श्वास कुठे घ्यायचा ते सांगतो.” आमच्या प्रार्थनेचा अर्थ इतक्या बारकाईने आम्हीही स्वतःला कधी विचारला नव्हता. शब्दांत फेरफार सुचवण्याचा प्रसंग आला, तेव्हाही आपण चाल बदललीत, शब्दाला हात लावला नाहीत.

कन्नड शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांसाठी आपण सगळे अभंग कन्नड लिपीत स्वहस्ते लिहून दिलेत, त्या वह्या आता चर्चच्या कपाटात ठेवल्या आहेत. मानधनाचे पाकीट मात्र आपण परत केलेत. त्या पैशांतून टाळांचे नवे जोड घेतले आहेत. नाताळच्या उपासनेला सहकुटुंब यावे, जागा पुढच्या रांगेत राखली आहे, आणि वहिनींना केक चालणार नसेल तर करंज्या वेगळ्या केल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
मंडळीतील एक गायक