तिची सही आहे का, एवढंच सांग

बाळ्या,

रविवारी भरीत अर्धं टाकून उठलास, दार आपटलंस आणि खाली जाऊन बराच वेळ बाईकपाशी नुसता उभा होतास, गॅलरीतून बघत होते मी. हाक मारायला हवी होती, नाही मारली. फोन केला तर पुन्हा तेच होईल, तू "आई तुला कळत नाही" म्हणणार, मी आवाज चढवणार, म्हणून लिहितेय. गाळ्यावर मशीन चालू असताना वाचू नकोस, रात्री घरी गेल्यावर वाच.

नोटीस मी का उघडली यावरून सुरू झालं ना. अरे कंपनी रजिस्टर करताना पत्ता तूच कन्नमवार नगरचा दिलास, पोस्टमन माझीच सही घेऊन गेला. आणि पतपेढीत आयुष्य गेलं माझं, असं पाकीट हातात आल्यावर ते तसंच फ्रिजवर ठेवणं मला जमणार नव्हतं. आत फायनान्स कंपनीच्या वकिलाची चार पानं. जुलैचं बिल 31 लाखांचं, त्यावर तुम्ही उचललेले 80 टक्के, त्यावर व्याज, दंड, आणि सात दिवसांची मुदत. वर तीन नावं, कंपनी, तू आणि तुझा पार्टनर. आणि दुसऱ्या पानावर एका ओळीत "व इतर जामीनदार".

इतर म्हणजे कोण रे?

तेच विचारलं होतं रविवारी. तू पाणी प्यायलास आणि माल घेणाऱ्या पार्टीने कसं फसवलं ते सांगायला लागलास. बोलणं कितीही तापलं तरी कुठल्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस ते आईच्या लक्षात राहतंच. त्या गॅरंटीवर तिची, सूनबाईची, सही घेतलीस का?

तू म्हणालास तुझी पतपेढी वेगळी, बिल डिस्काउंटिंग वेगळं, यात पार्टीच्या बिलावर आगाऊ पैसे मिळतात, माणसावर नाही. असं तुला सांगितलं असेल त्यांच्या माणसाने. पण तुमच्या करारात रिकोर्स लिहिलंय, म्हणजे पार्टीने पैसे दिले नाहीत की ते तुमच्याकडेच परत मागणार. आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, घरापर्यंत येत नाहीत हे तू दोनदा म्हणालास. लिमिटेड असतं बाळा, खरंय, पण पर्सनल गॅरंटीवर सही केलीस त्या दिवशी ती भिंत तूच पाडलीस. 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट आहे, त्याचं 128 कलम, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कंपनीच्या मागे जा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि पार्टनरने ऑगस्टमध्ये डायरेक्टरपद सोडलं म्हणून तो सुटला असंही नाही, राजीनाम्याने गॅरंटी संपत नाही. 146 कलमाने जामीनदारांनी आपसात सारखा वाटा उचलायचा असतो, पण ते आपसातलं झालं, फायनान्सवाले ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून सगळं घेऊ शकतात आणि वाट्यासाठी त्याने दुसऱ्याच्या मागे लागायचं.

ज्याच्याकडे सापडेल. यासाठीच मी पुन्हा पुन्हा विचारतेय. गाळा भाड्याचा, मशीन आधीच बँकेकडे गहाण, पार्टनर फोन उचलत नाही, तुझा पगार कंपनीतूनच. आणि ती महापालिकेच्या शाळेत, दर महिन्याला पगार जमा होणार, पगाराची स्लिप आहे, पीएफ आहे. अशीच सही कर्ज देणाऱ्याला सगळ्यात जास्त आवडते.

मला माहीत आहे कारण असली पत्रं मी स्वतः टाइप केलीत. मी लागले तेव्हा गिरण्यांच्या संपाला वर्षही झालं नव्हतं. जानेवारी 1982 ला गिरण्या थांबल्या आणि लोक हळूहळू गावी गेले, कुणी सावंतवाडीला, कुणी साताऱ्याकडे, कर्जदाराच्या खोलीला कुलूप. जामीनदार मात्र इथेच, कारण तो पोस्टात नाहीतर म्युनिसिपालिटीत. मग आम्ही त्याच्या ऑफिसला पगारातून कपातीचं पत्र पाठवायचो, नाही झालं तर सहकार कायद्याच्या 101 कलमाचा वसुलीचा दाखला. एक गृहस्थ यायचे, परळच्या नाक्यावर चहा पिता पिता सही केली म्हणायचे, शेजाऱ्यासाठी. बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचे, भांडायचे नाहीत, फक्त विचारायचे "बाई, अजून किती हप्ते?" मी वहीत बघून आकडा सांगायचे. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. आता तोंडावर येऊनही मला त्यांचं नाव आठवत नाही, डबा आठवतो, पितळी, झाकणाला पोचा आलेला.

त्याच ऑफिसात तू शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाखाली बसायचास, रद्दी फॉर्मच्या मागे शिक्के मारत. जांभळ्या शाईने हात भरवून घ्यायचास आणि ताईच्या फ्रॉकला पुसायचास. लोकलमध्ये बायका हसायच्या. कुठलं कुठे गेले मी.

तर मुद्द्याचं. पार्टी म्हणतेय माल भिजलेला आला. लेखी कधी कळवलं त्यांनी? हे फार महत्त्वाचं आहे. तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना, मग लहान उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमई कायदा तुला लागतो, माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. चलानावर त्यांच्या गेटचा शिक्का आणि तारीख असेल, ती काढ आणि त्यांच्या पहिल्या ईमेलची तारीख शेजारी लिही. तुम्ही 90 दिवसांची उधारी लिहून दिलीत, पण या कायद्याने 45 दिवसांच्या वर करार करूनही जाता येत नाही, पुढे बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो, आणि निकाल पार्टीच्या विरुद्ध गेला तर त्याला आव्हान देण्याआधी त्यांना 75 टक्के रक्कम भरावी लागते. फक्त बिल आता फायनान्सवाल्यांच्या नावे असाइन झालंय, तेव्हा अर्ज तू करायचा की त्यांनी, हे वकिलाला पहिलं विचार. माल भिजला की नाही हे भांडण तुझं आणि पार्टीचं, पण त्याचे पैसे मागतायत तुझ्याकडे, आणि तू दोघांनाही एकच उत्तर देत बसलायस, "बघतो". नोटिशीला लेखी उत्तर द्यायचं, मुदतीत, वकिलामार्फत. गप्प बसलेला माणूस कबूल झाला असं समोरचा धरून चालतो.

कोरे चेक दिलेत का सिक्युरिटी म्हणून? दिले असतील तर तेही सांग. त्यातला एखादा बाऊन्स झाला तर चेकच्या कायद्यातल्या 138 कलमाची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर फौजदारी.

आणि पुढच्या बिलांसाठी तरी गॅरंटी बंद करता येते का बघ, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्याच 130 कलमाने चालू गॅरंटी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते, झालेल्याचं ओझं जात नाही पण नवीन चढत नाही. करारात यातले हक्क सोडून दिल्याची कलमं असतात, म्हणून वकिलाने आख्खं वाचायला हवं. तिची असेल तर तिची नोटीस आज जाऊ दे, तुझी उद्या गेली तरी चालेल.

बघ, झाले मी पुन्हा नोटिशीच्या भाषेत सुरू. माफ कर. तुला धडे द्यायला लिहीत नव्हते. रात्री झोप लागत नाही, मग कलमं आठवत बसते.

तुला वाटत असेल आईला धंदाच नको होता. नाही रे. साकीनाक्याच्या गाळ्यातून निघालेला पहिला खोका अजून माळ्यावर आहे, त्यात गणपतीचं मखर ठेवते. लॉकडाऊनमध्ये मशीन बंद असताना तू अकरा जणांना पगार दिलेस, स्वतःचा घेतला नाहीस, हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या कटिंगवाल्याच्या बायकोकडून कळलं. कुणाला सांगितलं नाही मी, पण त्या दिवशी बाबांच्या फोटोला हार घातला, वार कुठला होता तेही आठवत नाही. म्हणून जास्त भीती वाटते. तू कुणाला नाही म्हणत नाहीस, आणि तीही तुला नाही म्हणत नाही. समोर कागद आला की ती "कुठे करू?" एवढंच विचारणार.

बाबांनी आप्पांच्या मुलासाठी केलेल्या सहीबद्दल आपण घरात बोलत नाही. चार वर्षं पगारात कपात झाली. पाटल्यांचं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते एवढंच की त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पहिली कपात झाली तेव्हा पगाराच्या पाकिटातून मला कळलं, मी, जी दिवसभर तसलीच पत्रं टाइप करायची. पैशाचं मी विसरले. न सांगितल्याचं अजून विसरले नाही, माणूस गेला तरी. तिच्या वाट्याला ते नको.

तिला मी फोन केलेला नाही, करणारही नाही, ते तूच सांगायचं. फायनान्सवाल्यांचा माणूस रात्री नऊला खाली येऊन उभा राहिला होता म्हणालास ना, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये फायनान्स कंपन्यांनाही सांगितलंय, हा तर दारात आला होता. तारीख, वेळ लिहून ठेव. बिल्डिंगमध्ये काय म्हणतील याचा विचार करू नको.

सेटलमेंटचा कागद घेऊन बुधवारी बोलावलंय ना त्यांनी बीकेसीला? तिथे काही सही करू नकोस. कागद घरी घेऊन ये. "आजच करा, उद्या ही ऑफर नाही" असं म्हणतील, म्हणू देत. मी येते हवं तर, बाहेर सोफ्यावर बसेन, आत नाही येणार.

शनिवारी दोघं या. चलानांची निळी फाईल आण. भरीत नाही करत, कोळंबीचं करते.

हो असलं तरी मी ओरडणार नाही. फक्त सांग.

आई

ता.क. गॅरंटीची कॉपी तुझ्याकडे नसेल तर त्यांच्याकडे ईमेल करून माग, फोनवर नको. आली की आधी शेवटचं पान बघ आणि मला त्याचा फोटो पाठव.