ऑब्जेक्शन वेगळं, अपील वेगळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीवरच्या आपल्या बातमीत २०१९ च्या शर्यतीबद्दल ‘जॉकीचे अपील फेटाळल्याने पहिला आलेला घोडा सतराव्या क्रमांकावर गेला’ असं छापून आलंय. एका वाक्यात तीन गोष्टींची खिचडी झाली आहे.

४ मे २०१९ ला मॅक्झिमम सिक्युरिटी हा घोडा पावणेदोन लेंग्थनं (घोड्याच्या अंगाच्या लांबीनं) पहिला आला. पण चिखल झालेल्या ट्रॅकवर शेवटच्या वळणाला तो बाहेरच्या बाजूला सरकला. बाजूच्या कॅमेऱ्यात असं सरकणं फारसं कळत नाही. समोरून पाहिलं की वॉर ऑफ विल या दुसऱ्या घोड्याचे पुढचे पाय त्याच्या मागच्या पायांत जवळजवळ अडकलेले दिसतात. गंमत अशी, की वॉर ऑफ विलच्या जॉकीनं तक्रारच केली नाही. ऑब्जेक्शन, म्हणजे निकाल अधिकृत होण्याआधीची हरकत, घेतलं ते दुसऱ्या आलेल्या कंट्री हाउसच्या आणि मागे पडलेल्या लाँग रेंज टॉडीच्या जॉकींनी. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सुमारे २२ मिनिटं चित्रण पाहून निकाल फिरवला. मग थेट सतरावाच का? कारण ज्याला अडवलं त्याच्या मागे अडवणाऱ्याला टाकतात, आणि लाँग रेंज टॉडी सतरावा आला होता.

इथवर अपील कुठेच नाही. निकाल अधिकृत झाला, टोटनं (पैजेचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या यंत्रणेनं) कंट्री हाउसच्या २ डॉलरच्या तिकिटाला १३२.४० डॉलर वाटले, तिकीटवाल्यांचा हिशेब तिथेच मिटला. पुढे कोर्टात काहीही झालं असतं तरी फाडून टाकलेलं तिकीट जिवंत होत नाही.

अपील केलं ते मालकांनी, जॉकीनं नाही, आणि तेही क्रमांक गेल्यानंतर. राज्याच्या रेसिंग कमिशननं ते त्याच दिवशी परत केलं. मालकांची बाजू लंगडी होती म्हणून नव्हे, तर शर्यतीतल्या अडवणुकीबद्दल स्टुअर्डचा निर्णय अंतिम, त्यावर अपील नाही, असा तिथला नियमच होता. मालक फेडरल कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या कोर्टानं तेच कायम केलं. जॉकीला झालेलं १५ दिवसांचं निलंबन हा काही दिवसांनी निघालेला स्वतंत्र आदेश. त्यावर मात्र अपिलाचा हक्क होता. निकाल एका खिडकीवर आणि शिक्षा दुसऱ्या, असा हा प्रकार. १९६८ च्या डर्बीत डान्सर्स इमेज या घोड्याच्या तपासणीत फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सापडलं तेव्हा वाद औषधाचा होता, त्यामुळे वाट वेगळी होती. ते प्रकरण १९७२ पर्यंत चाललं.

त्याच बातमीत चाबूक जास्त वापरल्याच्या दंडाला ‘किरकोळ’ म्हटलंय. १ जुलै २०२२ पासून अमेरिकेत हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड सेफ्टी अथॉरिटी या नियामक संस्थेचे नियम आले. शर्यतीत जास्तीत जास्त सहा फटके, सलग दोनपेक्षा जास्त नाहीत, मग घोड्याला प्रतिसाद द्यायला किमान दोन ढांगा थांबायचं. तेव्हाच्या तक्त्यात एक ते तीन फटके जास्त झाले तर २५० डॉलर किंवा बक्षिसातल्या जॉकीच्या वाट्याचे १० टक्के, यांतलं जे जास्त ते, शिवाय किमान एक दिवस निलंबन. २०१९ च्या डर्बीचं पहिलं बक्षीस १८ लाख ६० हजार डॉलर होतं. जॉकीचा वाटा १० टक्के धरला तर १ लाख ८६ हजार. तेवढ्या रकमेच्या शर्यतीत या हिशेबानं सातव्या फटक्याची किंमत १८,६०० डॉलर होते! चार ते नऊ फटके जास्त झाले तर ५०० डॉलर किंवा २० टक्के, तीन दिवस निलंबन, आणि घोड्याचं बक्षीसही जायचं. हात उचलला जॉकीनं, पैसे गेले मालकाचे. आमच्या मते हे कलम जरा जास्तच कडक होतं. टोटच्या पैशाला मात्र इथेही धक्का नाही.

अथॉरिटीच्या अंतिम शिक्षेविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनच्या न्यायाधीशाकडे ३० दिवसांत अर्ज करता येतो आणि तो प्रकरण नव्यानं तपासतो. बरेच जण फसतात ते यात, की अर्ज केला म्हणून शिक्षा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागून मिळवावी लागते, नाहीतर निकाल लागेपर्यंत निलंबन भोगून झालेलं असतं.

मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसच्या बातम्यांतही हीच गल्लत होते. निदान एवढं छापावं: ऑब्जेक्शन कोणी घेतलं, क्रमांक बदलला की फक्त शिक्षा झाली, शिक्षा कोणत्या तारखेपासून, आणि अपील केलं असेल तर स्थगिती मिळाली की नाही. चार ओळींत बसतं.

आपले,
रेसची पानं रोज वाचणारे काही वाचक, पुणे