तासाभराची गाणी

मेलबर्न
ऑक्टोबर, रविवार सकाळ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल वादळात तुझ्याकडची लाईट गेली आणि माझा रेडिओवरचा कार्यक्रम तुझ्या हातून निसटला. आमचे सात म्हणजे तुझे साडेपाच, हे मी तुला तीनदा सांगितलं होतं, तूही वेळेवर बसली होतीस, पण तुझ्या त्या कॅथरिन गावाचं आभाळ कुणाचं ऐकतंय! रेकॉर्डिंग पाठवतोच आहे. पण रात्री फोनवर तू विचारलंस, "बाबा, इतकी वर्षं मराठी गाणी लावलीस, मग ही ऑस्ट्रेलियन गाणी तू निवडलीस तरी कशी?" त्याचं उत्तर फोनवर देववेना. तुझी आई झोपली आहे, चहा झाला आहे, तर कागद घेऊन बसलो.

तुला माहीत आहे, आमचं केंद्र चालतं ते श्रोत्यांच्या वर्गणीवर. यंदा वर्गणीच्या आठवड्यात ठरलं की प्रत्येक निवेदकानं आपल्या आवडीची ऑस्ट्रेलियन गाणी लावायची आणि निवेदन मात्र आपल्या भाषेत करायचं. ग्रीक काकांनी ग्रीकमध्ये, तमिळवाल्या ताईंनी तमिळमध्ये. मी घरी येऊन वहीत गाणी लिहायला घेतली. पहिल्यांदा एकोणीस झाली. तासात बसतात नऊ-दहा, त्यातही मी बोलणार. खोडत खोडत सातांवर आलो. 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' सगळ्यात आधी खोडलं. ते मला आवडतं, पण ते सगळ्यांचं आहे, त्याला माझ्या तासाची गरज नाही.

सुरुवात केली ती 'कॅटल अँड केन'नं. ब्रिस्बेनच्या गो-बिटवीन्स नावाच्या बँडचं, १९८३ सालचं. हे गाणं ग्रँट मॅकलेननचं. वडील तो लहान असतानाच गेले, बालपण क्वीन्सलँडमध्ये. पुढे गाण्यापायी लंडनला जाऊन राहिला आणि तिथे, दुसऱ्याची गिटार मागून घेऊन, त्यानं आपल्या गावाकडचं हे गाणं रचलं. शाळकरी पोरगा उसाच्या फडांमधून घरी निघालाय, एवढंच चित्र आहे. मनू, मी वाळवा तालुक्यातला. उसाच्या पानानं पोटऱ्या कापल्या जातात आणि घामानं त्या चुरचुरतात, हे मला कुणी सांगायला नको. पहिल्यांदा हे गाणं ऐकलं तेव्हा मी डँडेनाँगच्या गोदामात रात्रपाळी करत होतो, फोर्कलिफ्टवर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. इंग्रजी निम्मं कळलं नाही. पण 'केन' म्हणजे ऊस, तो कळला. आणि ताल! मी बोटांवर मात्रा मोजायला लागलो तर समेवर येईचना. मग घरी येऊन नीट मोजल्या, अकरा भरल्या. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र ताल असतो, पण रॉकच्या गाण्यात अकरा मात्रा, आणि तरीही पोरगं रमत गमत चालल्यासारखं वाटतं! अजूनही ते गाणं लागलं की माझी बोटं स्टीअरिंगवर मोजायला लागतात, तू पाहिलं आहेसच.

त्या मॅकलेननची आणखी एक गोष्ट काल मी सांगितली. गाणं त्यानं आईला बरं वाटावं म्हणून केलं होतं. पण आई राहायची गुरांच्या रानात, तिथे धड वीज नव्हती. मग तो तिला ते फोनवरून म्हणून दाखवायचा. हे बोलताना माझा आवाज जरा बसला. कारण तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस, माझा पहिला कार्यक्रम होता तेव्हा तुझ्या आईनं स्वयंपाकघरातल्या रेडिओला फोनचा रिसीव्हर चिकटवून धरला होता, पूर्ण पन्नास मिनिटं. तिकडे दुपारचे दीड वाजले होते. जेवणं टाकून आजी आणि आजोबा आळीपाळीनं ऐकत होते. आईचा हात इतका अवघडला की रात्री तिला भाकरी थापता आली नाही. आजोबा नंतर एवढंच म्हणाले, "आवाज लांबनं येतूय, पर तुझाच हाय." मॅकलेनन २००६ साली गेला, ऐन अठ्ठेचाळिशीत. ब्रिस्बेनमध्ये नदीवर एक पूल आहे, त्याला त्यांच्या बँडचं नाव दिलं आहे. गाणाऱ्यांच्या नावाचा पूल, हे मला फार आवडलं. कधी गेलीस तर त्यावरून चालत जा.

'फ्रायडे ऑन माय माइंड' तुला माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. १९६६ चं, इझीबीट्स बँडचं. ती पोरं सिडनीच्या व्हिलावुडमधल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहात एकमेकांना भेटली. कुणाचं घर हॉलंडहून आलेलं, कुणाचं स्कॉटलंडहून, कुणाचं इंग्लंडहून. पुढे २००१ मध्ये इथल्या संगीतकारांच्या संस्थेनं सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन गाणं निवडलं तेव्हा पहिला नंबर याच गाण्याला मिळाला. आठवडाभर राबून शुक्रवारची वाट पाहणं म्हणजे काय, हे गोदामातल्या माणसाला विचार.

पॉल केलीचं 'हाऊ टू मेक ग्रेव्ही' लावायला मी घाबरत होतो. मराठी श्रोत्यांना ख्रिसमसच्या ग्रेव्हीचं काय! पण ते गाणं म्हणजे पत्र आहे. २१ डिसेंबरला एक माणूस तुरुंगातून भावाला लिहितो. सणाला घरी कोण कोण येणार, याची चौकशी करतो, आणि मधेच त्याला प्रश्न पडतो की आता ग्रेव्ही कोण करणार? मग तो कृतीच सांगतो: पीठ, मीठ, थोडी रेड वाइन आणि गोडसर आंबटपणाला टोमॅटो सॉस. मी श्रोत्यांना म्हटलं, समजा तुमच्या घरातला माणूस दिवाळीला तुरुंगात आहे आणि तिथून लिहितोय, "चिवड्याचं खोबरं मंद आचेवर परता, मिरच्या आधी कुरकुरीत करून घ्या, नाहीतर चिवडा सादळतो." त्याला चिवड्याची काळजी नसते, बाळा. आपण नसताना घर चाललंय, ही त्याला बोचणी असते. माझी पहिली चार दिवाळीची पत्रं अशीच होती. आजीनं ती जपून ठेवली होती, पानापानावर तेलाचे डाग.

आता त्या गाण्याकडे येतो, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितोय.

आर्ची रोचचं 'टूक द चिल्ड्रन अवे'. १९९० चं. लावण्याआधी मी नेहमीप्रमाणे सूचना दिली, की यापुढे दिवंगत आदिवासी कलावंतांची नावं आणि आवाज ऐकू येतील. आर्ची रोच २०२२ मध्ये गेले. आपण तुला वॉर्नांबूलला व्हेल दाखवायला नेलं होतं ना, तुझ्या पिवळ्या रेनकोटचा फोटो आहे बघ. तिथून थोड्याच अंतरावर फ्रॅमलिंगहॅम आहे. तेव्हा सरकार आदिवासी मुलं आईबापांपासून काढून नेत असे. सरकारी माणसांनी आर्चीला तिथून उचललं तेव्हा तो तीनेक वर्षांचा होता. त्याला सांगितलं गेलं की तुझे आईवडील आगीत गेले. पुढे मेलबर्नमध्ये एका गोऱ्या कुटुंबात वाढला. आणि एके दिवशी शाळेत त्याच्या हातात पत्र पडलं, त्याच्या सख्ख्या बहिणीचं. तिनं लिहिलं होतं, आपली आई आत्ता आत्ता गेली. म्हणजे इतकी वर्षं आई होती, मनू. याच राज्यात होती.

तू पहिलीत होतीस तेव्हा मी हे गाणं पहिल्यांदा शब्द लावून ऐकलं. भांडी घासत होतो. नळ बंद केला आणि तुझ्या खोलीत येऊन तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की मी तुला एका रिकाम्या, मोकळ्या, स्वच्छ देशात आणलं आहे. व्हिसाच्या कागदांत काय काय विचारलं होतं, छातीचा एक्स-रेसुद्धा मागितला होता, पण इथे आधीपासून कोण राहतं हे कुठल्याच कागदात नव्हतं. ते मला गाण्यांनी सांगितलं. तुझ्याशी यावर मी नीट कधी बोललो नाही. तू शाळेत शिकशील असं धरून चाललो. तुला मी इथे आणलं, तेव्हा हे सांगणं माझं काम होतं, ते मी राहू दिलं. काल केलं, आणि नेमकी तुझी लाईट गेली.

आर्ची रोचनं हे गाणं मेलबर्नच्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा संपल्यावर एकही टाळी पडली नाही. त्याला वाटलं, आवडलं नाही. तो गिटार घेऊन निघाला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. काल मी गाणं संपल्यावर फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर केलाच नाही. लाल दिवा चालू, माइक समोर, अंगठा फेडरवर, आणि मी घड्याळाच्या काट्याकडे बघत सात सेकंद गप्प बसलो. रेडिओवर सात सेकंद म्हणजे फार होतात. शांतता पडली की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. आमच्यात त्याला डेड एअर म्हणतात आणि नव्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हाच, की ते होऊ द्यायचं नाही. काल मी ते जाणूनबुजून केलं. रेकॉर्डिंगमध्ये तिथे आलीस की आवाज वाढवू नकोस, बिघाड नाही तो.

त्यानंतर पॉल केली आणि केव्ह कार्मोडी यांचं 'फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो'. शेकोटीपाशी बसून दोघांनी रचलं, १९९१ मध्ये आलं. हे मी पोवाडा म्हणूनच लावलं, आणि आहेच तो पोवाडा. एकेक कडवं, एकेक प्रसंग, आणि ध्रुपद सगळ्यांनी मिळून उचलायचं. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांनी वेव्ह हिलच्या गुरांच्या रानातून आपल्या गुरिंजी जमातीच्या माणसांना बाहेर काढलं, बायकापोरांसह जवळजवळ दोनशे जण. मालक इंग्लंडचे, व्हेस्टी घराणं. आधी वाटलं, मागणं मजुरीचं आहे. मग कळलं की मागणं जमिनीचं आहे. ओढ्याकाठी डेरा टाकून ते बसले, एक-दोन महिने नव्हे, वर्षंच्या वर्षं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे आले, खाली वाकले आणि लिंगियारींच्या तळहातावर त्यांनी मूठभर माती ओतली. मर्विन बिशप यांनी काढलेला तो फोटो तू पाहिला असशील. मी तो फोटो बघतो तेव्हा माती ओतणाऱ्या हाताकडे नाही बघत. खालच्या हाताकडे बघतो, पंजा कसा उघडा, सैल धरलाय. शेतकऱ्याचा हात बियाणं घेताना असाच असतो.

'ट्रीटी' तुझ्यासाठी. तू बरुंगा गावाचा फोटो पाठवलास, म्हणून. पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८८ मध्ये तिथेच आदिवासींशी कराराचा शब्द दिला, तो पाळला गेला नाही, आणि योथु यिंडी या बँडनं १९९१ मध्ये त्याचं गाणं केलं, इंग्रजीत आणि आपल्या गुमाज भाषेत. तू तासाभरावर राहतेस, तुझ्या वर्गातल्या पोरांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यांनाच विचार.

शेवटचं 'बापा'. गुरुमुल यांचं, २००८ चं. जन्मापासून अंध, एल्को बेटावरचे, एकेकाळी याच योथु यिंडीत होते. डावखुरे, आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचे. योलंगु भाषेत बापा म्हणजे वडील. मी हे निवेदनात सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ऐका. २०११ मध्ये आजोबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो, राख सावडायला. परत आलो त्या शनिवारी केंद्राच्या कपाटात ही सीडी हाताला लागली, आणि स्टुडिओत एकटा असताना मी ती लावली. एका लेकाचं वडिलांसाठी व्याकूळ झालेलं गाणं. भाषा कळत नाही आणि तो एकच शब्द परत परत येतो. तुझी आई म्हणते, त्या रात्री मी घरी येऊन पहिल्यांदा रडलो. मला ते आठवत नाही, पण ती सांगते तर खरंच असेल.

काल गाणं संपता संपता स्टुडिओतला फोन लुकलुकला. पॉइंट कुकचे एक आजोबा आहेत, मुलाकडे राहतात, दर शनिवारी ऐकतात, पण फोन कधी करत नाहीत. म्हणाले, "तो बापा म्हणाला ना? मला तेवढंच ऐकू आलं." मी म्हटलं, हो, त्यांच्या भाषेतही बापाच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लावाल का?" पुढचा कार्यक्रम सुरू व्हायला दोन मिनिटं होती, म्हटलं पुढच्या शनिवारी नक्की. वहीत लिहून ठेवलंय.

वेव्ह हिलजवळचं कल्करिंजी तुझ्याकडून पाच तासांची गाडी आहे, मी नकाशात पाहिलं. दर ऑगस्टमध्ये तिथे गुरिंजी रान सोडून निघाले त्या दिवसाचा उत्सव असतो, लोक त्याच वाटेनं चालतात. तुला सुट्टी मिळणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी स्वस्तात तिकीट बघतो. तुझी आईही येईन म्हणते. त्या शनिवारचा कार्यक्रम मी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवीन. गाडी तू चालव, गाणी मी लावतो.

मेतकूट आणि भाजणी वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. पाणी उकळून पी.

तुझा,
बाबा